'वाइजगाय'मधलं डेड डॉग रेकॉर्ड्स प्रकरण : रेकॉर्ड कंपनीतला छुपा एजंट कितपत खरा?

तबकडी

'वाइजगाय' ही अमेरिकी गुन्हेगारी टीव्ही मालिका (सीबीएस वाहिनी, सप्टेंबर १९८७ ते डिसेंबर १९९०) म्हटलं की सनी स्टीलग्रेव्ह आणि मेल प्रॉफिट या दोन कथांवरच सगळी चर्चा होते. १९८९च्या वसंतात आलेल्या डेड डॉग रेकॉर्ड्सच्या कथेबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. माझ्या मते गुन्हेगारी मालिकांनी म्युझिक इंडस्ट्रीवर केलेलं ते सगळ्यात धाडसी काम आहे. म्हणून हा स्वतंत्र धागा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विनी टेरानोव्हा (केन वॉल) हा ओसीबी या काल्पनिक संघटित-गुन्हे विभागाचा छुपा एजंट. ओळख पक्की व्हावी म्हणून त्याने आधी दीड वर्ष खरोखरचा तुरुंगवास भोगलेला. फ्रँक मॅकपाइक (जोनाथन बँक्स) त्याचा वरिष्ठ, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला लाइफगार्ड (जिम बर्न्स). या कथेत विनी एका रेकॉर्ड लेबलच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसतो. समोर विन्स्टन न्यूक्वे (टिम करी), आयझॅक ट्वाइन (पॉल विनफिल्ड), गायिका डायना प्राइस (डेबी हॅरी) आणि बॉबी ट्रॅव्हिस (ग्लेन फ्राय).

आधीच्या कथांमध्ये विनी कोणाच्या तरी हाताखाली काम करायचा. इथे सह्या करणारा तोच. आलेल्या बिलावर 'मंजूर' लिहिणाराही तोच. त्यामुळे प्रश्न पडतो की असा एजंट गुन्हा पकडतोय की चालवतोय? या व्यवसायातला पैसा नेमका कुठून कुठे जायचा, ते कायदा आणि रेकॉर्ड व्यवसाय या दोन्ही बाजू माहीत असलेल्यांनी नीट मांडावं. कथेचा शेवट कृपया फोडू नका.

निळी शाई

चांगला विषय घेतलात. सुरुवात पायोलापासून, म्हणजे गाणं वाजावं म्हणून रेडिओवाल्यांना चोरून दिलेल्या पैशांपासून करू, कारण या कथेतल्या बऱ्याच संवादांमागे तीच गोष्ट आहे.

रेडिओवर गाणं वाजवण्यासाठी पैसे देणं अमेरिकेत सरसकट बेकायदा नाही. ते लपवणं बेकायदा आहे. १९६०मध्ये कम्युनिकेशन्स अॅक्टमध्ये ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनुसार पैसे घेऊन गाणं लावलं तर तसं प्रसारणात सांगावं लागतं. न सांगितल्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे कागदावर हा किरकोळ गुन्हा. रेडिओवर गाणी लावणाऱ्या अॅलन फ्रीडचं नाव सगळे घेतात, पण त्याने १९६२मध्ये जो गुन्हा कबूल केला तो न्यूयॉर्क राज्याच्या व्यावसायिक लाचखोरीच्या कायद्याखालचा होता, आणि दंड झाला ३०० डॉलर.

या कायद्यानंतर कंपन्यांनी मधे एक माणूस उभा केला, स्वतंत्र प्रमोटर. त्याचं काम चालायचं ते असं : लेबल त्याला गाण्यामागे पैसे देणार. स्टेशनच्या प्रोग्रॅम डायरेक्टरने ते गाणं त्या आठवड्याच्या यादीत घेतलं की त्याला 'अॅड' म्हणायचं, आणि प्रमोटरचं बिल अॅडच्या संख्येवर. स्टेशन आपली यादी व्यापारी साप्ताहिकांना कळवणार. मोठ्या शहरातल्या, भरपूर श्रोते असलेल्या स्टेशनचा अॅड महाग, लहान गावातल्या स्टेशनचा स्वस्त. प्रमोटरने पुढे डायरेक्टरला काय दिलं, रोकड की कोकेन की सहलीची तिकिटं, हे लेबलने विचारायचं नाही. लेबलच्या वहीत फक्त 'प्रमोशन खर्च' एवढंच उतरतं.

यातही फसवणूक व्हायची, ती 'पेपर अॅड'ची. स्टेशन यादीत गाणं दाखवायचं आणि प्रत्यक्षात वाजवायचंच नाही. साप्ताहिकात गाणं वर चढतंय, दुकानात एकही प्रत हलत नाही. मालिकेत पटकथाकार हे दाखवू शकले असते तर विनीच्या टेबलावर दोन कागद शेजारीशेजारी ठेवले की काम झालं असतं : एका बाजूला अॅडची यादी, दुसऱ्या बाजूला त्याच शहरातल्या वितरकाची ऑर्डर.

मध्यलय

निळी शाई, एक भर. हा सगळा खर्च शेवटी कलाकाराच्या खात्यात पडायचा, निदान त्यातला मोठा भाग. करारात तो 'वसुलीयोग्य' म्हणून लिहिलेला असे. म्हणजे आपलं गाणं वाजावं म्हणून दिलेली लाच गायकच भरतो, तीही स्वतःच्या रॉयल्टीतून आणि बहुतेक वेळा नकळत.

आकडे मांडतो, म्हणजे डायना प्राइससारख्या कलाकाराची अवस्था कळेल. त्या काळच्या करारांच्या धाटणीवर बेतलेलं हे नमुना गणित आहे.

एलपीची छापील किंमत ८.९८ डॉलर. त्यातून आधी वेष्टनाची वजावट, एलपीला १० टक्के. उरले ८.०८. रॉयल्टी समजा १० टक्के, म्हणजे साधारण ८१ सेंट. पण ती विकलेल्या सगळ्या प्रतींवर नाही. दुकानांना 'फुकट माल' म्हणून जाणाऱ्या प्रती वगळून ८५ टक्क्यांवरच. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे साधारण ६८.७ सेंट. निर्मात्याचे टक्के अनेकदा यातूनच जातात, ते इथे धरलेलेच नाहीत.

आता कंपनीने आगाऊ रक्कम आणि रेकॉर्डिंग मिळून २ लाख डॉलर खर्च केले असतील, तर ते फिटायला सुमारे २ लाख ९१ हजार प्रती विकल्या जायला हव्यात. तोपर्यंत गायिकेला रॉयल्टीचा एक सेंटही नाही. शिवाय परत येणाऱ्या मालासाठी राखीव रक्कम अडकवून ठेवलेली असते ती वेगळीच. कंपनीचा प्रत्येक प्रतीमागचा वाटा कलाकाराच्या वाट्यापेक्षा बराच मोठा, त्यामुळे कंपनीचे पैसे गायिकेच्या खूप आधी सुटतात.

गाणं स्वतः लिहिलेलं असेल तर वेगळा पैसा. रेकॉर्डवर गाणं छापल्याबद्दल गीतकाराला द्यायचा १९८८-८९चा कायदेशीर 'यांत्रिक' दर गाण्यामागे ५.२५ सेंट. पण करारात तीनचतुर्थांश दराचं कलम असलं की ३.९४ सेंट, आणि दहा गाण्यांची कमाल मर्यादा घातली की अख्ख्या एलपीमागे ३९ सेंट. बारा गाणी टाकली तरी तेवढेच.

यात कोणीही बंदूक काढलेली नाही आणि सगळं कायदेशीर आहे. मालिकेने हे ओळखलं होतं असं मला वाटतं. टिम करीचा न्यूक्वे माणसाला घाबरवतो तो करार वाचूनच.

चौथा पडदा

टिम करीबद्दल पूर्ण सहमत. तो आवाज चढवतो तेव्हा नाही, उतरवतो तेव्हा भीती वाटते. आणि पॉल विनफिल्ड नुसता खुर्चीत बसला तरी खोलीचं वजन बदलतं.

कलाकार निवडीतली एक गोष्ट हेरण्यासारखी आहे. खऱ्या संगीतकारांना घेतलं, पण पाहुणे म्हणून मिरवायला नाही. ग्लेन फ्राय आणि डेबी हॅरी यांनी स्वतः हा व्यवसाय आतून पाहिलेला. हॅरीने या कथेत गायलेलं 'ब्राइट साइड' त्याच वर्षी, १९८९मध्ये, तिच्या 'डेफ, डंब अँड ब्लॉन्ड' या अल्बमवर आलं. आणि लाइफगार्ड झालेला जिम बर्न्स हा स्वतः ब्लूज गायक आणि गिटारवादक. १९७२मधल्या अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले होते, पात्रही तसंच लिहिलं. मालिकेतला सगळ्यात पक्का संगीतकार संगीताच्या कथेत फोनवर बसलेला आहे, हे मला फार आवडतं.

कोरा कागद

तबकडी यांचा मूळ प्रश्न महत्त्वाचा आहे : एजंट स्वतःच कंपनी चालवत असेल तर? ओसीबी काल्पनिक असला तरी त्या काळच्या एफबीआयचे नियम लावून बघता येतं.

एफबीआयच्या छुप्या एजंटांनी लाच देऊन राजकारण्यांना पकडलं त्या अॅबस्कॅम प्रकरणानंतर जानेवारी १९८१मध्ये अॅटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी एफबीआयच्या छुप्या मोहिमांसाठी मार्गदर्शक नियम जारी केले. संवेदनशील मोहिमांना मुख्यालयातल्या पुनरावलोकन समितीची मंजुरी लागते. समितीपुढे जाण्याच्या कारणांमध्ये दोन आपल्या कामाची आहेत. एक, एजंट स्वतः गंभीर गुन्ह्यात भाग घेणार असेल तर. दोन, मोहिमेमुळे तिसऱ्याच निरपराध माणसाचं आर्थिक नुकसान होण्याचा धोका असेल तर.

दुसरा मुद्दा रेकॉर्ड कंपनीला तंतोतंत लागू पडतो. विनीने एका नव्या बँडशी करार केला, मोहीम संपली, कंपनी बंद. त्या पोरांचे मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कोणाच्या मालकीचे? करारात ते पाच-सात अल्बमसाठी बांधलेले, दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. सरकारने चालवलेल्या बनावट प्रमुखाच्या सहीचा तो करार. हा दिवाणी दाव्यांचा डोंगर आहे आणि कुठल्याही समितीने पहिला प्रश्न हाच विचारला असता.

मग पैसा. सरकारी खात्याने कमावलेला पैसा नियमाने तिजोरीत जमा करावा लागतो. तो परत धंद्यात फिरवता येत नाही. एफबीआयला छुपा व्यवसाय उघडायचा असेल, त्याच्या नावाने जागा भाड्याने घ्यायची असेल, बँकेत खातं उघडायचं असेल, उत्पन्नातून खर्च भागवायचा असेल, तर कायद्याने दिलेली खास सूट लागते आणि ती त्या मोहिमेसाठी वरच्या पातळीवरून लेखी प्रमाणित करून घ्यावी लागते. म्हणजे डेड डॉगचं गाणं खरोखर हिट झालं असतं तर मॅकपाइकची झोप उडाली असती! लाखो डॉलर नफा, त्याचा हिशेब द्यायचा, आणि आरोपीचा वकील कोर्टात विचारणार की सरकारने हा नफा पायोला देऊन मिळवला का.

तबकडी

कोरा कागद, हाच मुद्दा मला हवा होता. मालिकेत विनीला यशाची चटक लागते असं वाटत राहतं, आणि यश हीच मोहिमेची अडचण होते. पण खरंच कधी तपास यंत्रणेने असं दुकान उघडलं होतं का?

कोरा कागद

हो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एफबीआयने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बनावट रेकॉर्ड दुकान उघडलं होतं. लक्ष्य होतं नकली टेपचा व्यापार. एजंट दुकानदार बनून माल घेत गेला आणि कोणाकडून आला याचा माग वर वर काढत गेला. त्यातून रेकॉर्ड दुकानांच्या एका मोठ्या साखळीवर आणि तिच्या अधिकाऱ्यांवर १९८१मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात खटला चालला. ज्यूरीने दोषी ठरवलं, पण न्यायाधीशांनी तो निकाल बाजूला सारून नव्याने खटला चालवायला सांगितलं. त्यामागचं एक कारण होतं एजंटच्या साक्षीतलं असत्य. पुरावा चांगला असूनही साक्षीत एक वाक्य खोटं निघालं की सगळं हलतं. 'वाइजगाय'मध्ये मॅकपाइक अहवालांवरून सारखा कटकट करतो ते यासाठीच.

अनाहत

नकली माल कसा ओळखत, हे इथे लिहिणं गरजेचं वाटतं, कारण मालिकांमध्ये कायम एक तज्ज्ञ हातात रेकॉर्ड घेतो आणि क्षणात 'नकली आहे' म्हणतो. प्रत्यक्षात तो कुठे बघतो?

रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. शेवटच्या गाण्याची खाच संपल्यावर आणि कागदी लेबल सुरू होण्याआधी जो गुळगुळीत पट्टा उरतो, तिथे बघा. तिथे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या साच्याचा ओळख क्रमांक असतो, कधी हाताने कोरलेला, कधी ठशाने उठवलेला. कटिंग करणाऱ्या स्टुडिओचा छोटा शिक्का, एखाद्या इंजिनिअरची आद्याक्षरं, प्लेटिंग करणाऱ्या कारखान्याची खूण हेही तिथेच. नकली माल बनवणारा बहुतेक वेळा विकत आणलेल्या रेकॉर्डवरून किंवा टेपवरून नवीन लॅकर, म्हणजे साच्यासाठीची खाचा कोरलेली मूळ चकती, कापतो. त्यामुळे त्या पट्ट्यातलं अक्षर बदलतं, किंवा शिक्का मुळात नसतोच.

मग वेष्टन. नकली कव्हर हे छापील कव्हराचा फोटो काढून छापलेलं असतं, म्हणजे ठिपक्यांवर ठिपके. भिंगाखाली बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, कण्यावरचा मजकूर किंचित जाड होतो, काळा रंग करडा पडतो. आवाजात वरच्या पट्टीतली धार गेलेली असते, कारण एक पिढी जास्त झालेली. कॅसेटमध्ये हे ओळखणं अवघड, तिथे कवच, स्क्रू, दाबपट्टी आणि छापील पट्टी हेच बघायचं.

कायद्याच्या बाजूने एक तारीख लक्षात ठेवायची : १५ फेब्रुवारी १९७२. त्या दिवसापासून अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना फेडरल कॉपीराइट मिळाला. त्याआधीच्या रेकॉर्डिंगला तेव्हा राज्यांच्या कायद्यांचाच आधार होता. जुन्या गाण्यांची नक्कल करणारे त्याच फटीत बसले होते. १९८२च्या दुरुस्तीने मोठ्या प्रमाणावरच्या नकलेला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आला, त्यानंतर तपास यंत्रणांना या गुन्ह्यात खरा रस निर्माण झाला.

निळी शाई

नकलीपेक्षाही मला 'कटआउट' जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण त्यात संघटित गुन्हेगारीचा हात कोर्टात सिद्ध झालाय.

न खपलेल्या, यादीतून काढलेल्या रेकॉर्ड कंपनी घाऊक भावात विकून टाकते. त्या परत करता येऊ नयेत म्हणून कव्हराचा कोपरा छाटतात, भोक पाडतात किंवा करवतीने खाच मारतात. अशा विक्रीवर कलाकाराला सहसा रॉयल्टी नाही. आता गंमत बघा, कंपनीतल्या कोणी नव्या, न छाटलेल्या प्रती कटआउट म्हणून दाखवल्या तर? त्या पूर्ण भावाने विकता येतात, रोकड वहीबाहेर राहते आणि गायक, गीतकार, प्रकाशक सगळ्यांचे पैसे बुडतात. कारखान्यातून रात्री २० हजार प्रती जास्तीच्या छापून त्याच ट्रकमध्ये घातल्या तर शोधणार कोण?

१९८४मध्ये एमसीए रेकॉर्ड्सचे चाळीस लाखांहून जास्त कटआउट सुमारे साडेबारा लाख डॉलरला पेनसिल्व्हेनियातल्या एका घाऊक विक्रेत्याने घ्यायचं ठरलं. माल आला तेव्हा त्याचं म्हणणं पडलं की चांगली चांगली नावं आधीच काढून घेतलीत, उरलाय तो गाळ. त्याने पैसे द्यायला नकार दिला. मे १९८५मध्ये न्यू जर्सीत माफियाशी संबंधित माणसाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला, डोळ्याची खोबण फुटली. पुढे तोच सरकारी साक्षीदार झाला. या व्यवहारात गुंतलेला रूलेट रेकॉर्ड्सचा मॉरिस लेव्ही १९८८मध्ये याच प्रकरणातल्या खंडणीच्या कटात दोषी ठरला, दहा वर्षांची शिक्षा झाली, पण तुरुंगात जाण्याआधीच मे १९९०मध्ये तो वारला.

म्हणजे डेड डॉगची कथा प्रसारित होत होती तेव्हा हा खटला ताजा होता. १९८६च्या फेब्रुवारीत एनबीसीच्या बातम्यांनी स्वतंत्र प्रमोटरांवर अहवाल दाखवला आणि मोठ्या लेबलांनी धडाधड त्यांच्याशी व्यवहार थांबवल्याचं जाहीर केलं, तेही सगळ्यांच्या डोक्यात होतं. पटकथाकारांनी हवेतून काही काढलेलं नाही.

चौथा पडदा

आणि त्याच वेळी चार्टसुद्धा विकत घेता येत होते, हे विसरू नये. साउंडस्कॅन ही विक्री मोजणारी यंत्रणा १९९१मध्ये आली. मे १९९१पासून बिलबोर्ड या साप्ताहिकाचा अल्बम चार्ट बारकोडवरच्या विक्रीने ठरू लागला. त्याआधी दुकानातल्या माणसाला फोन करून 'या आठवड्यात काय खपतंय?' विचारायचे. त्याच्या काउंटरखाली लेबलच्या माणसाने ठेवलेली फुकट रेकॉर्डची पेटी असेल तर तो काय सांगणार?

म्हणून या काळातल्या कथेत 'आमचं गाणं दहा नंबरवर आहे' हा संवाद ऐकला की यशाची बातमी समजू नका. आजच्या नजरेने पाहणाऱ्याला तो पैसे चारल्याचा पुरावा वाटत नाही, पण असू शकतो तो त्याचाच पुरावा.

मध्यलय

आवाज टिपण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. छुप्या एजंटसाठी रेकॉर्डिंग स्टुडिओ ही सगळ्यात वाईट जागा आहे.

त्या काळात अंगावर लावायला नाग्रा एसएन वापरत, तळहातावर मावणारं स्विस यंत्र, छोट्या उघड्या रिळांचं. अडचणी ठरलेल्या. कापड मायक्रोफोनवर घासलं की शब्द गेले. रीळ संपलं की संपलं, बदलायला बाथरूममध्ये जावं लागतं. कंट्रोल रूममध्ये स्पीकर इतके मोठ्याने चालू असतात की बोलणं त्यात बुडतं, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य माणसं संगीत चालू असतानाच कानात बोलतात. पुढे लॅबमध्ये ते गाळून काढणं जवळजवळ अशक्य, कारण गाण्यातला गायकाचा आवाज आणि बोलणाऱ्याचा आवाज एकाच पट्टीत.

नाग्राऐवजी ट्रान्समीटर लावला तर धोका वेगळा. जवळच्या रेडिओ लहरी गिटारच्या पिकअपमध्ये किंवा नीट आवरण नसलेल्या केबलमध्ये शिरल्या की स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते. सामान्य माणसाच्या लक्षात येणार नाही, पण ज्याचं आयुष्य गुणगुण शोधण्यात गेलंय असा इंजिनिअर दहा सेकंदांत 'कोणाच्या खिशात काय आहे?' विचारेल.

कायद्याने मात्र सोपं आहे. फेडरल कायद्यानुसार संभाषणातल्या एका माणसाची संमती पुरते, आणि तो एक माणूस एजंट स्वतःच. कोर्टाची परवानगी लागते ती एजंट खोलीत नसताना ऐकायचं असेल तर.

पटकथेसाठी माझ्या मते सगळ्यात चांगली जागा टॉकबॅकची. गायकाशी बोलायला कन्सोलवर एक मायक्रोफोन असतो. कोणी बटण दाबलेलं राहिलं आणि टेप चालू असली की कंट्रोल रूममधलं बोलणं मल्टीट्रॅकवर उतरू शकतं. दोन इंची चोवीस ट्रॅक टेप, २५०० फुटांचं रीळ, सेकंदाला ३० इंच वेगाने साडेसोळा मिनिटं चालतं. त्या साडेसोळा मिनिटांत एक अख्खा भाग बसवता येईल.

अनाहत

अजून एक गैरसमज मालिकांमुळे पक्का झालाय : 'तू पोलीस आहेस का?' असं विचारलं तर एजंटला खरं सांगावंच लागतं. अजिबात नाही. खोटं बोलणं म्हणजे सापळा नव्हे. सापळ्याचा बचाव टिकतो तो गुन्ह्याची कल्पना सरकारकडून आली आणि आरोपीची आधीपासून तयारी नव्हती, तर. त्यामुळे विनीने 'अमुक स्टेशनला पैसे पाठवू या का?' असं आधी विचारलं तर खटला कमजोर. समोरच्याने विचारलं आणि विनीने 'किती आणि कोणाला?' एवढंच म्हटलं, तर मजबूत. या कथेतले प्रसंग पुन्हा बघताना हे लक्षात ठेवून बघा, पहिला शब्द कोण काढतो.

रातराणी

हे सगळं वाचून पुन्हा बघावीशी वाटतेय, पण डीव्हीडीच्या संचात ही कथाच नाही. कारण फक्त गाण्यांचे हक्क की आणखी काही?

निळी शाई

गाण्यांचे हक्कच. आणि हे इतकं किचकट का होतं ते सांगतो.

एक गाणं मालिकेत वापरायला दोन परवाने लागतात. गाण्याच्या रचनेसाठी प्रकाशकाकडून सिंक परवाना, आणि ते ठराविक ध्वनिमुद्रण वापरायला लेबलकडून मास्टर परवाना. ऐंशीच्या दशकात मालिका हे परवाने बहुधा प्रसारणापुरते आणि ठराविक वर्षांसाठी घेत, कारण मालिका घरी विकत घेऊन कोणी बघेल असं धरलेलंच नव्हतं. डीव्हीडी आली तेव्हा सगळं नव्याने घ्यावं लागलं. दरम्यान लेबलं एकमेकांनी गिळलेली, गीतकारांचे हक्क वारसांत वाटलेले. तीन गीतकार म्हणजे तीन प्रकाशक, आणि एकाने जास्त मागितलं की 'सर्वांना समान दर' या कलमामुळे बाकीच्यांनाही तेवढंच.

बाकी कथांमध्ये गाणं बदलून भागतं. सनी स्टीलग्रेव्हच्या शेवटच्या भागात मूडी ब्लूजचं 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' होतं, डीव्हीडीवर ते काढलं गेलं आणि प्रसंगाचा प्राणच गेला. पण डेड डॉगमध्ये कलाकार पडद्यावर गातायत, ओठ हलतायत. तिथे बदलणार काय?

रातराणी

म्हणजे जे भाग उपलब्ध आहेत त्यांतही गाणी बदलली असतील. मूळ कुठलं आणि बदललेलं कुठलं, ऐकून कळतं का?

मध्यलय

बऱ्याचदा कळतं. संवाद, संगीत आणि इतर आवाज यांचे ट्रॅक वेगवेगळे जपलेले असतील तर बदल स्वच्छ होतो. ते नसतील तर संगीताखालचे इतर आवाजही कापून नव्याने भरावे लागतात, आणि तिथे खुणा राहतात.

हेडफोन लावा आणि गाणं सुरू होण्याच्या अर्धा सेकंद आधीपासून ऐका. खोलीतला बारीक आवाज, पंखा, रस्ता, जे काही चालू असेल ते अचानक तुटून नवा सूर लागला तर तिथे कात्री लागलीय. दार उघडताना दिसतं पण बिजागरीचा आवाज नाही, ग्लास टेबलावर टेकतो पण टक् होत नाही, तेही तसंच. बारमधल्या प्रसंगात नाचणाऱ्यांचे पाय बघा. मूळ गाण्याच्या ठेक्यावर पडणारी पावलं नव्या गाण्याच्या ठेक्यावर पडत नाहीत. आणि पात्र गाण्याबद्दल काही बोलत असेल तर ते वाक्य संपूर्ण ऐका, कारण नाव घेतलेलं वाक्य बऱ्याचदा मधेच कापलेलं असतं आणि कॅमेरा तेव्हाच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर गेलेला असतो.